जुनी एंटरप्राइझ डिंगी धरणावर उतरवताना

मराठवाड्यात शिडाच्या होडीचं नाव काढलं की समोरचा आधी विचारतो, "पाणी कुठंय?" प्रश्न चुकीचा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे इथं कुणी विसरलेलं नाही. पण पाऊस बरा झाला की दसऱ्यापासून होळीपर्यंत माजलगाव, येलदरी, इसापूर, निम्न तेरणा या जलाशयांत चार मीटरच्या होडीला पुरून उरेल इतकं पाणी असतं. त्या चार-पाच महिन्यांसाठी नवी महागडी होडी लागत नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या आराखड्याची, प्लायवूडची, कुठल्यातरी शेडमध्ये धूळ खात पडलेली शर्यतीची डिंगी पुरते. ती शोधायची कशी, तपासायची कशी, दुरुस्त करून पाण्यात कशी घालायची, ते इथं क्रमानं दिलं आहे.

डिंगी म्हणजे तळाला जड वजन नसलेली छोटी शिडाची होडी. तिचा तोल आत बसलेल्यांच्या शरीरानंच सांभाळायचा असतो. वारा वाढला की काठावर बसून बाहेर झुकायचं, कमी झाला की आत सरकायचं. त्यामुळे ती मन लावून शिकावी लागते, आणि शिकलेलं अंगात राहतं.

कोणती होडी, आणि किती

आमचं स्पष्ट मत: एंटरप्राइझ घ्या, आणि एकटी घेऊ नका.

एंटरप्राइझचा आराखडा इंग्लंडच्या जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये केला. 'न्यूज क्रॉनिकल' या दैनिकानं तो पुरस्कृत केला होता. दैनिक १९६० मध्ये बंद पडलं, होडी अजून चालू आहे. लांबी ४.०४ मीटर, रुंदी सुमारे १.६ मीटर, सांगाड्याचं वजन ९० किलोच्या आसपास, दोन शिडं मिळून साधारण १०.५ चौरस मीटर कापड, आणि शिडांचा रंग निळा. दोघांनी चालवायची. वारा मागून असताना लावायचं फुग्यासारखं जादा शीड (स्पिनेकर) नाही, दोराला लटकून बाहेर जायचं ट्रॅपीझ नाही. नव्या माणसाच्या हातात दोर कमी राहतात, हे फार मोलाचं आहे. भारतात ही होडी परकी नाही. एनसीसीच्या नौदल शाखेत कॅडेट हिच्यावर शिकत आले आहेत, आणि १९८२ च्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या समुद्रात एंटरप्राइझच्या शर्यती झाल्या होत्या.

तिचा खरा गुण दुरुस्तीत आहे. तळ गोल नाही, सपाट प्लायच्या पट्ट्या कोनात जोडून तो बनवला आहे, कारण लोकांनी घरी बांधावी म्हणूनच ती आखली होती. बीडच्या किंवा उदगीरच्या ज्या सुताराला दाराची चौकट काटकोनात बसवता येते, त्याला हिची फळी बदलता येते. आजच्या कार्बनच्या होडीबद्दल असं म्हणता येणार नाही.

दुसरे पर्यायही आहेत. एकट्यानं चालवायची असेल तर १९५७ ची ओके डिंगी. मुलांसाठी १९६२ ची मिरर, ३.३ मीटरची, लाल शिडांची. घरातल्या तीन-चार जणांनी बसायचं असेल तर जीपी१४, पण ती एंटरप्राइझपेक्षा बरीच जड आहे आणि चिखलातून ओढताना ते जाणवतं. कोणतीही निवडा, पण गावातल्या सगळ्यांनी तीच निवडा.

हा मुद्दा नीट समजून घ्यावा. एका जातीच्या सगळ्या होड्या सारख्या असतात, म्हणून जो आधी पोचला तो जिंकला, गणित मांडावं लागत नाही. तीन एंटरप्राइझ असल्या की दर रविवारी शर्यत होते, एकीचा ब्लॉक (दोराची पुली) तुटला तर दुसरीचा बसतो, एकानं शिकलेलं तिघांना लागू पडतं. एक एंटरप्राइझ, एक मिरर आणि एक ओके असेल तर तीन मालक होतात, ताफा होत नाही, आणि दुसऱ्या वर्षी तिन्ही होड्या गोठ्यात. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लबकडे सीबर्ड जातीच्या होड्या आजही चालतात, आणि तो आराखडा तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. तो टिकला, कारण शेजारी सोबतीला आणखी सीबर्ड होत्या. म्हणून आधी सहा माणसं जमवा, मग तीन होड्या शोधा.

जुन्या डिंग्या मुंबई, पुणे आणि हैदराबादकडच्या क्लबांत, शिक्षणसंस्थांत, लष्करी केंद्रांच्या लिलावात निघतात. नांदेडकरांना हैदराबाद सोयीचं, छत्रपती संभाजीनगरकरांना पुणे.

पाणी आणि परवानगी

पैठणचा नाथसागर डोळ्यात भरतो, पण पहिली निवड तो नसावा. तो पक्षी अभयारण्य आहे. आपला वाऱ्याचा आणि पाण्याचा हंगाम आणि स्थलांतरित पक्ष्यांचा हंगाम एकच, आणि रोहित पक्ष्यांच्या थव्यात निळी शिडं घालणं आपल्यालाही शोभणार नाही. वन विभागाच्या परवानगीशिवाय तिथं जाऊच नका.

इतर जलाशयांसाठी जलसंपदा विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्ज करा. अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा: होडीला इंजिन नाही, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असेल, धरणाची भिंत, सांडवा आणि विमोचक (पाणी सोडायचं दार) यांपासून लांब राहू, आणि किनाऱ्यावर कोणतंही बांधकाम करणार नाही. पिण्याच्या पाण्याचा जलाशय असेल तर इंजिन नाही ही ओळ अर्जातली सगळ्यात वजनदार ओळ ठरते. पोलीस पाटलांना सांगून ठेवा.

कागदाइतकीच महत्त्वाची दुसरी परवानगी आहे ती मच्छीमारांची. जलाशयात मासेमारीचा ठेका बहुधा एखाद्या सहकारी संस्थेकडे असतो. त्यांच्या माणसाला एकदा सोबत घेऊन जलाशय फिरा. जाळी कुठं लागतात, रिकाम्या बाटल्यांचे तरंगते कुणाचे, पाण्याखाली बाभळीचे खुंट कुठं, बुडालेल्या गावाच्या भिंती पाणी उतरल्यावर कुठं वर येतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. जाळं सुकाणूत अडकलं तर ते कापायचं नाही. शीड सैल सोडा, सुकाणू वर उचला, जाळं हातानं मोकळं करा.

जागा निवडताना हे बघा: भिंतीपासून दूर, कारण उंच मातीच्या भिंतीच्या आडोशाला वारा गोल फिरतो. काठाला उतार मुरमाड असावा. काळ्या मातीचा काठ टाळा. पाणी उतरलं की त्या चिखलात मांडीपर्यंत पाय जातो आणि होडी पाण्यात न्यायची ट्रॉली रुतून बसते. काठावर गाळपेर केलेली असेल तर शेतकऱ्याला विचारूनच वाट काढा. त्याचा हरभरा तुडवून आलेला ताफा दुसऱ्या रविवारी तिथं दिसणार नाही.

विकत घेण्याआधी तपासणी

एक लक्षात ठेवा. समुद्रातली होडी लोखंडाच्या गंजानं मरते, गोड्या पाण्याजवळची लाकूड कुजल्यानं. मिठामुळे बुरशी कमी वाढते, पावसाच्या साचलेल्या पाण्यात ती जोमानं वाढते. त्यामुळे उघड्यावर सरळ ठेवलेली, आत पावसाचं पाणी साचलेली डिंगी बाहेरून कितीही चकचकीत असली तरी तिच्याकडे संशयानंच बघा.

सोबत एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर, बॅटरी आणि पाण्याची बादली घ्या.

बोटाच्या पेरानं सगळ्या तळावर टकटक करत जा. चांगलं प्लाय टणक, कोरडं वाजतं. कुजलेलं किंवा सुटलेलं प्लाय बद्द वाजतं. कलिंगड पारखणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. जिथं आवाज बसला तिथं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हलकं दाबा. ते आत गेलं तर ती जागा कापावी लागणार. सगळ्यात आधी बघायच्या जागा: मागच्या फळीचे खालचे दोन कोपरे, सेंटरबोर्डच्या (होडी आडवी घसरू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीचा तळाशी असलेला सांधा, डोलकाठी जिथं टेकते तो ठोकळा, बाजूच्या तारा जिथं अडकवतात ते पत्रे, आणि नाकाच्या आतली अंधारी बाजू.

कोपऱ्यातली कूज आणि एखादी फळी हे काम एका उन्हाळ्यात होतं. सेंटरबोर्डची पेटी मुळापासून हलत असेल आणि डोलकाठीचा ठोकळाही गेला असेल, तर पहिली होडी म्हणून ती घेऊ नका. सुट्या भागांसाठी मिळाली तर मात्र जरूर घ्या. एका मेलेल्या होडीच्या पुल्या, सुकाणू आणि बूम (मोठ्या शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा) यांवर दोन जिवंत होड्या चालतात.

बाजूच्या हवापेट्या बंद असतील तर त्यांची झाकणं उघडून आत हात घाला, वास घ्या. झाकण वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या पेटीत आतला ओलावा बाहेर पडत नाही. ओल्या मातीसारखा वास आला की कूज आहेच.

फायबरची एंटरप्राइझ मिळाली तर तपासणी सोपी: तळावर फोड आहेत का, डेकवर उभं राहिल्यावर पायाखाली दबतं का, पेटीच्या सांध्याला भेगा आहेत का.

आणायची कशी

छोटा हत्ती पुरत नाही, जवळजवळ अर्धी होडी बाहेर लोंबते. चौदा फुटी आयशर करा. खाली चार जुने टायर, वर होडी, तळावर नव्हे तर कडेच्या भक्कम पट्टीवर दोर, आणि दोराखाली गोणपाट. डोलकाठी होडीपेक्षा बरीच लांब असते. ती केबिनच्या वरून बांधावी लागते, टोकाला लाल फडकं लावून. तिच्या तारा आधी गुंडाळून चिकटपट्टीनं बांधा, नाहीतर रस्त्यात हिसके बसून त्यांना मुरड पडते, आणि मुरड पडलेली तार निकामी.

दुरुस्ती: कामाचा मोठा भाग

चैत्र-वैशाख हा आपल्याकडचा दुरुस्तीचा हंगाम. कोरडी हवा लाकूड वाळवायला उत्तम. होडी पालथी करून सावलीत, हवा खेळेल अशी, निदान तीन आठवडे ठेवा. थेट उन्हात ठेवू नका, जुनं प्लाय सुटतं.

सामान: ६ मिलिमीटरचं मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का असलेलं, ८ बाय ४ फुटांची एक शीट. आयएस ३०३ चं प्लाय स्वस्त पडतं, ते फर्निचरसाठी असतं, होडीला लावू नका. इपॉक्सी रेझिन आणि मंद गतीचं हार्डनर मिळून तीन ते चार किलो. घट्ट करण्यासाठी सिलिका पावडर. तीन इंच रुंद काचकापडाची पट्टी, सांध्यांसाठी. ८०, १२० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर. स्टेनलेसचे किंवा पितळी स्क्रू. रबरी हातमोजे आणि मास्क, हे ऐच्छिक नाहीत. इपॉक्सीची त्वचेला एकदा ॲलर्जी झाली की जन्माची होते.

सुताराकडचा पांढरा गोंद वापरू नका, तो बारमाही ओलाव्यात टिकत नाही.

कुजलेला भाग कापताना हात आखडता घेऊ नका. कूज दिसते त्याच्या पुढे, चांगल्या लाकडात निदान पाच-सात सेंटिमीटर जा. भोक चौकोनी करा, कोपरे किंचित गोल ठेवा. जुन्या आणि नव्या प्लायचा सांधा नुसता टोकाला टोक लावून होत नाही. दोन्ही कडांना रंध्यानं १ ला ८ असा उतार द्या, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीला सुमारे ५ सेंटिमीटर लांब उतार. उतार बरोबर निघाला का, हे प्लायच्या थरांवरून कळतं. रंधा चालताना थरांच्या रेघा सरळ, समांतर पट्ट्या दिसायला हव्यात. पट्टी वाकडी झाली की तिथं रंधा जास्त दबला. हे काम घाईचं नाही, आधी टाकाऊ तुकड्यावर दोनदा करून बघा. हात बसत नसेल तर आतून त्याच जाडीच्या प्लायची पाठपट्टी लावा. वजन थोडं वाढेल, पण काम मजबूत होईल.

आता इपॉक्सी. इथंच बहुतेकांचं पहिलं भांडं वाया जातं. डब्यावर लिहिलेलं प्रमाण तराजूवर मोजून घ्या, अंदाज नको. हार्डनर जास्त घातलं तर लवकर वाळतं हा समज चुकीचा आहे. जास्त झालेलं हार्डनर तसंच राहतं आणि थर कायमचा मऊ, चिकट होतो. एका वेळी १०० ग्रॅमच्या वर कालवू नका. ही रासायनिक क्रिया उष्णता सोडते. खोल भांड्यात ती उष्णता कोंडते, मिश्रण तापतं, तापल्यानं क्रिया आणखी वेगानं होते, आणि चाळीस अंशांच्या दुपारी प्लास्टिकचा पेला दहा मिनिटांत वाकून त्यातून धूर निघतो. म्हणून कालवलं की लगेच पसरट थाळीत ओता. पातळ थर थंड राहतो आणि दुप्पट वेळ मिळतो.

आधी दोन्ही कडांना नुसतं पातळ इपॉक्सी ब्रशनं लावा, लाकूड ते पिऊन घेतं. मग सिलिका घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं लावा आणि तुकडा बसवा. पहिली पायरी गाळली तर कोरडं लाकूड सांध्यातलं रेझिन शोषून घेतं आणि सांधा उपाशी राहतो. वरून प्लास्टिकचा कागद, त्यावर फळी, त्यावर विटा. जास्त दाबू नका, सगळं रेझिन बाहेर निघून जाईल.

वेळेचं एक गुपित आहे. चिकटवायचं काम पहाटे साडेपाच ते आठ या वेळात करा, हवा थंड असते, हाताला वेळ मिळतो. पण उघड्या लाकडावर इपॉक्सीचा थर द्यायचा असेल तर तो संध्याकाळीच. सकाळी थर दिला की दिवस चढेल तसं लाकूड तापतं, त्यातली हवा फुगून बाहेर येते आणि थरात टाचणीच्या टोकाएवढे शेकडो बुडबुडे धरतात. संध्याकाळी लाकूड निवत असतं, तेव्हा ते हवा आत ओढतं आणि तिच्याबरोबर रेझिनही आत जातं.

वाळल्यावर पृष्ठभागावर मेणचट थर येतो. आधी तो साध्या पाण्यानं आणि खरखरीत फडक्यानं धुवा, मग घासा. न धुता घासलं तर तो थर आत चोळला जातो आणि वरचा रंग पापुद्रे धरतो.

शेवटी रंग. इपॉक्सी उन्हात तग धरत नाही, त्यावर रंग किंवा अतिनील किरण अडवणारं वॉर्निश हवंच, वॉर्निशचे निदान पाच हात. डेकला आणि तळाला पांढरा किंवा फिकट रंग द्या. गडद निळा किंवा लाल तळ फोटोत देखणा दिसतो, पण आपल्या उन्हात तो इतका तापतो की आतले इपॉक्सीचे सांधे मऊ पडतात. जुन्या होडीच्या लाकडाची नक्षी मिरवायची असेल तर आतल्या भागाला वॉर्निश ठेवा आणि ती कायम झाकून ठेवा.

हवापेट्यांची चाचणी

उलटल्यावर होडी तरंगत ठेवतात त्या या पेट्या, म्हणून ही पायरी कधीही गाळू नका. सगळे सांधे आणि झाकणांच्या कडा साबणाच्या पाण्यानं ओल्या करा. बुचाच्या भोकात रबरी नळी घट्ट बसवा आणि तोंडानं फुंका. जिथं बुडबुडे फुगतील तिथं गळती. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावू नका. पेटीचं क्षेत्रफळ मोठं असतं, थोड्याशा दाबानंही सांधा फाटतो. काही होड्यांत पेट्यांऐवजी फुगवायच्या पिशव्या असतात. त्या फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी ढिल्या पडल्या तर बदला, आणि त्यांना धरणारे पट्टे ओढून बघा. पट्टा तुटला तर पिशवी होडी सोडून एकटीच तरंगत जाते.

डोलकाठी, तारा, दोर, शिडं

बाजूच्या तारा स्टेनलेसच्या, साधारण ३ मिलिमीटर जाडीच्या असतात. कापसाचा बोळा तारेवरून वरपासून खालपर्यंत फिरवा. जिथं धागे अडकतील तिथं तारेचा एक पीळ तुटला आहे. एक तुटलेला दिसला तरी पूर्ण तार बदला. बहुतेक वेळा ती टोकाच्या दाबलेल्या नळीजवळ तुटते.

शीड वर चढवायचा दोर न ताणणारा हवा, ४ ते ५ मिलिमीटरचा पॉलिएस्टर किंवा डायनीमा. बाजारातला पिवळा नायलॉन दोर विहिरीसाठी ठीक, इथं नको. तो ताणतो, वाऱ्यात शीड खाली सरकतं आणि त्याचा आकार बिघडतो. हातात धरायचे दोर ८ मिलिमीटरच्या खाली नकोत, तळहात कापतो.

शिडाची शिवण नखानं खरवडा. धागा सहज तुटला तर उन्हानं गेला, पण कापड चांगलं असेल तर पॉलिएस्टर धाग्यानं पुन्हा शिवता येतं. गावातल्या ताडपत्री शिवणाऱ्याकडचं मशीन त्याला चालतं, झिगझॅग टाका हवा. शीड घडी घालून नव्हे, गुंडाळून ठेवा.

पुढचं शीड ताणून बांधलं की नाकाकडची तार ढिली पडायला हवी. पडली नाही तर पुढच्या शिडाला पुरेसा ताण मिळालेला नाही, आणि वाऱ्याकडे जाताना होडी मागं पडेल.

आणि डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा. बॅकवॉटरच्या काठानं शेतीपंपांच्या विजेच्या तारा सगळीकडे असतात, उन्हाळ्यात त्या झोळ घेऊन खाली येतात. ॲल्युमिनियमची डोलकाठी त्यांना टेकली तर जीव जातो. ट्रॉलीच्या वाटेवर तारा असतील तर डोलकाठी आडवी ठेवूनच पाण्यापर्यंत जा. पाण्यातल्या मोटारींच्या केबलपासूनही लांब राहा.

पाण्यात पहिले दिवस

दसऱ्याला हत्यारांबरोबर होडीची पूजा करून ती उतरवायला हरकत नाही, जलाशय तेव्हा भरलेला असतो. पहिल्या दिवशी शीड लावू नका. बूच लावलं का ते बघा (सगळ्यात जास्त वेळा हेच विसरतं), होडी कमरेइतक्या पाण्यात अर्धा तास तशीच ठेवा, आत पाणी येतंय का ते बघा. सांध्यातून धार लागली तर बाहेर काढा.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम उलटवा. डोलकाठीच्या टोकाला पाच लिटरचा बंद रिकामा कॅन बांधा, म्हणजे होडी पूर्ण पालथी होत नाही. उथळ जलाशयात हे फार गरजेचं आहे, कारण पालथी झालेली डोलकाठी चिखलात रुतते आणि जोर लावून ओढली तर वाकते. उलटल्यावर दोर सोडून द्या. एकानं सेंटरबोर्डवर उभं राहून काठ धरून मागं झुकायचं, दुसऱ्यानं होडीच्या आतल्या बाजूला तरंगत राहायचं. होडी सरळ होताना ती त्याला आत उचलून घेते. मग बादलीनं पाणी उपसा. बादली दोरानं बांधलेली हवी, सुटी बादली पहिल्याच उलटीत तळाला जाते. दोघांना हे तीनदा जमेपर्यंत काठापासून पन्नास मीटरच्या पुढे जाऊ नका. मच्छीमाराची वल्ह्याची होडी जवळ उभी ठेवा, त्याच्या दिवसाचे पैसे आधी देऊन.

वाऱ्याचा अंदाज शेतातूनच घ्या. हिवाळ्यात सकाळी पाणी आरशासारखं असतं, दहा-अकरानंतर वारा धरतो, सायंकाळी पडतो. पानं हलतायत आणि गालाला वारा लागतोय, तर नव्यांसाठी उत्तम. बांधावरच्या रस्त्यावरची धूळ आणि कागद उडू लागले, तर वारा ताशी २० किलोमीटरच्या वर गेला आहे, आज नव्यांनी काठावर बसावं. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग भरून आले आणि गार वारा सुटला की मिनिटाचाही विचार न करता बाहेर या. वळवाच्या पावसात मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुमची डोलकाठी असते.

पहिली शर्यत

तीन होड्या आणि काठावर शिट्टी घेऊन एक माणूस, एवढं पुरे. खुणांसाठी पाण्याचे वीस लिटरचे रिकामे जार भगव्या रंगानं रंगवा. दोर खोलीच्या दीडपट, टोकाला वाळूची गोणी. सुरुवातीची रेघ वाऱ्याला आडवी, तीन-चार होड्यांसाठी चाळीस मीटर रुंद, दोन्ही टोकांना एकेक जार. फेरीसाठी आणखी एक जार वाऱ्याच्या दिशेला तीनशे मीटरवर, दुसरा खाली. दोन फेऱ्या.

रेघ वाऱ्याला बरोबर आडवी आहे का, हे काठावरून कळत नाही. एका होडीनं रेघेच्या मधोमध जाऊन शिडं सैल सोडावीत. नाक वाऱ्यात गेलं की रेघेच्या टोकांचे दोन्ही जार तिच्या बरोबर डाव्या-उजव्या हाताला यायला हवेत. एक जार पुढे दिसला तर सगळे त्याच टोकाला गर्दी करतील आणि टक्कर होईल.

रीतसर शर्यतीत पाच, चार, एक आणि शून्य मिनिटाला इशारा असतो. शिकताना तीन, दोन, एक असा ठेवा. नियम सुरुवातीला तीनच पाठ करा. उजवीकडून वारा घेणाऱ्याला डावीकडून वारा घेणाऱ्यानं वाट द्यायची. दोघांचा वारा एकाच बाजूनं असेल तर वाऱ्याकडच्यानं खालच्याला वाट द्यायची. मागून येणाऱ्यानं पुढच्याला टाळायचं. आणि हक्क कुणाचाही असो, टक्कर टाळणं दोघांचं काम. जुन्या प्लायला समोरून धडक सोसत नाही.

दर दोन शर्यतींनी माणसं होड्यांमधून अदलाबदल करा. कोण जिंकतंय ते होडीमुळे की हातामुळे, हे तेव्हाच कळतं, आणि तिन्ही होड्या सारख्याच नीट ठेवल्या जातात.

दिवस संपल्यावर

सेंटरबोर्डच्या फटीतला चिखल आणि खडे काठीनं नव्हे, पाण्याच्या धारेनं काढा. खडा राहिला तर फळी पुढच्या वेळी अर्ध्यात अडकते. हवापेट्यांची झाकणं आणि बुचं उघडी ठेवा. होडी पालथी, टायरांवर, नाक किंचित उंच, वर पांढरं ताडपत्रीचं आच्छादन, पण जमिनीपासून हात-दीड हात मोकळं, म्हणजे हवा फिरत राहील. जमिनीला टेकवून ठेवलेल्या लाकडाला पहिल्याच पावसाळ्यात वाळवी लागते. सुकाणू आणि सेंटरबोर्ड घरात. उंदरांना निळं शीड फार आवडतं, ते खुंटीला टांगा.

होळीनंतर पाणी उतरू लागलं की खुणेसाठी काठावर एक खुंटी ठोका. दर रविवारी पाणी त्या खुंटीपासून किती मागं गेलं ते वहीत लिहा. दोन हंगामांच्या नोंदीतून तुमच्या जलाशयात कोणत्या आठवड्यापर्यंत ट्रॉली चिखलाशिवाय पाण्यापर्यंत जाते, हे कळतं, आणि पुढच्या वर्षीच्या शर्यतींच्या तारखा त्यावरून ठरवता येतात.